माळावर वाघूर लावणारी मोठ्याई

मोठ्याई,

तुझ्या तेराव्याच्या पंगतीत मी वरण वाढत होते आणि लोक तुझी गोष्ट सांगत होते. एक जण म्हणाला, "बाईनं तीनशे मेंढ्या सोडल्या साहेबाच्या अंगावर." दुसरा म्हणाला, "शेळीनं नकाशाच खाल्ला की! मी सवता पाह्यलं." तो माणूस त्या दिवशी माळावर नव्हता. मी होते. पण मी वरणाची बादली घेऊन पुढे गेले. पंगतीत उभं राहून कोणाला खोटं पाडणं मला जमत नाही, हे तुला माहीत आहे.

त्या दिवशी माळावर एकही मेंढी नव्हती. असती तर सगळं किती सोपं झालं असतं! म्हणून हे लिहिते आहे. तुला सगळं ठाऊक आहे. ज्यांना नाही, त्यांनी तुझी गोष्ट निदान खरी वाचावी. तू होतीस त्यापेक्षा तुला मोठं करायची मला काही गरज वाटत नाही.

माझ्या पप्पांची थोरली वहिनी म्हणून तू माझी मोठी आई, मोठ्याई. आपल्या दोन घरांमध्ये एकच भिंत. मी रोज सकाळी पिवळ्या बसने हिंगोलीला इंग्रजी शाळेत जायचे, आणि संध्याकाळी बस फाट्यावर थांबायची तेव्हा बहुतेक वेळा तूच उभी असायचीस, डोक्यावर गवताचा भारा, नाहीतर हातात पंचायतीची पिशवी. बायकांसाठी जागा सुटली म्हणून लोकांनी तुला पंचायतीत उभं केलं. निवडून आल्यावर तू गप्प बसशील असं त्यांना वाटलं होतं. ती त्यांची चूक. तुझ्या पहिल्याच बैठकीत तू चहा नको म्हणालीस, कारण "चहा पिला की माणूस उठायच्या गडबडीत असतंय."

मी तुझ्या उलट. पाहुणे आले की आतल्या खोलीत. मी इंजिनिअरिंगला गेल्यावरही ग्रामसभेला तू मला बरोबर न्यायचीस आणि खांबाजवळ बसवायचीस. एकदा कोणीतरी म्हणालं, "इंजिनेर पोरगी हाय, बोलंना का कायी?" तेव्हा तू म्हणालीस, "ती बघून राहिली. बोलनारे लई हायेत हितं." घरी येताना मला विचारायचीस, "कोन कोनाकडं बघत व्हतं?" आणि मी सांगायचे. सरपंच बोलताना ग्रामसेवकाकडे बघतात, ग्रामसेवक घड्याळाकडे. तू खूश व्हायचीस. माझा गप्पपणा हा आजार आहे असं न मानणारी आपल्या घरात तू एकटीच होतीस. इतर सगळे मला खुलवायला बघायचे. तू मला कामाला लावलंस.

मग ते ले-आउट आलं. सेनगाव रस्ता रुंद झाला आणि आपल्या गावाबाहेरच्या माळाला एकदम किंमत आली. तिथली शेतं एकाने विकत घेतली. सगळे त्याला शेठ म्हणायचे, म्हणून मीही तेच लिहिते. तिथे वसाहत होणार, घरांचे प्लॉट पडणार, आणि मंजुरीआधी ग्रामसभेचं मत हवं, असा नकाशा पंचायतीत आला. त्याचं रंगीत चित्र फाट्यावर लागलं. चित्रात कारंजं होतं, आणि आपल्याकडे कधीच न उगवणारी झाडं.

तू नकाशाची प्रत घेऊन आलीस आणि ओट्यावर पसरलीस. आधी तो फिरवून फिरवून असा ठेवलास की नकाशातला सेनगाव रस्ता आणि खरा सेनगाव रस्ता एकाच बाजूला आले. मग म्हणालीस, "वाच आता." मी वाचत गेले. हे रस्ते, हे प्लॉट, ही खुली जागा, ही चारी बाजूंनी कंपाउंडची भिंत. तू ऐकत होतीस. मग विचारलंस, "आन पांदण?"

पांदण नव्हती. माळाच्या पलीकडे आपल्या भावकीची, धनगरांची वाडी, अलीकडे ओढा, शाळा आणि रस्ता. मधून जाणारी ती रुंद मातीची वाट, जिच्यावरून वाडीची जनावरं पाण्याला येतात आणि लेकरं शाळेत येतात, ती नकाशात कुठेच नव्हती. जिथून ती जायची, तिथे प्लॉटांची एक रांग होती आणि रांगेमागे भिंत. मी दोनदा पाहिलं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं की जागेवर कोणतीही वहिवाट आढळली नाही.

मला राग आला. मी म्हणाले, हे सगळंच थांबवायला पाहिजे. माळ माळच राहू दे. आपण हरकत घेऊ. ऑब्जेक्शनला हरकत म्हणतात हे मला तुझ्याकडूनच कळलं होतं, आणि मी तो शब्द जरा जास्तच जोरात वापरला असणार, कारण तू हसलीस.

"घरं नगं म्हनतीस?"

"नकोच. किती मोकळं आहे ते."

तू आत गेलीस, मूठभर तूर आणलीस आणि नकाशावरच्या एकेका प्लॉटवर एकेक दाणा ठेवायला लागलीस. "हा ग्यानबाचा धाकटा. लगीन ठरून राहिलं, अन् निजायला जागा न्हाई. ही कमळ. नवऱ्यानं टाकली, भावाच्या पडवीत राहून राहिली. हा मास्तर. भाड्याच्या खोलीत म्हातारी माय घेऊन हाय." दाणे वाढत गेले. "तुज्या कॉलेजातल्या पोरी कुठं राहतात? फ्लॅटात ना? ते काय आभाळातून पडले व्हय? ज्याला घर हाय, त्यालाच मोकळं रान गोड लागतंय, लेकरा."

मी म्हणाले, "मग पांदण?"

"पांदण बी पायजे. घरं बी पायजेत. दोनी मागायला काय लाज हाय का?"

हे भांडण आपण किती वेळा केलं! जेवताना, कपडे वाळत घालताना, एकदा तर डोंगरकडा गावाला जाणाऱ्या जीपमध्ये, तेही इतक्या जोरात की ड्रायव्हर म्हणाला, "ताई, निकाल लागला की सांगा, मंग गाडी काढतो." निकाल लागलाच नाही. आजही माझं मत तेच आहे की तो माळ मोकळा राहिला असता तर बरं झालं असतं. तू नाहीस म्हणून मी हरल्यासारखं करणार नाही. तुला ते आवडलंही नसतं.

शेठच्या मोजणीदाराने खोटं लिहिलं होतं असंही नाही. हे तूच मला समजावलंस, आणि तेव्हा मला तुझं खरं कौतुक वाटलं, कारण मी त्याला केव्हाच चोर ठरवून मोकळी झाले होते. तो आला दिवाळीनंतर. दिवाळी झाली की वाडी रिकामी होते. कळप बाहेर पडतात, गावोगावच्या रानांत खतासाठी बसायला. बरोबर बायका, लेकरं, कोंबड्या, सगळा संसार. मागे राहतात म्हातारी माणसं आणि थोड्या शेळ्या. पावसाळ्यातलं गवत तेव्हा पांदणीवर गुडघाभर असतं. त्या माणसाला गवत दिसलं, त्याने गवत लिहिलं. मग उन्हाळ्यात शेठने ट्रॅक्टर फिरवून माळ सपाट केला आणि उरलीसुरली खूणही गेली.

ग्रामसभेत तू घरांना विरोध केला नाहीस. म्हणून लोकांनी ऐकलं. तू एवढंच म्हणालीस की जिल्ह्याचे नगररचनेचे साहेब जागेवर येऊन बघोत, मग गाव मत देईल. सरपंच म्हणाले, "बाई, साहेब काय येतात इथं उन्हात?" तू म्हणालीस, "घरं उन्हातच बांधनार हायेत ना?" सगळे हसले आणि ठराव झाला. साहेब येणार असल्याचं कळलं तेव्हा मात्र तुझा चेहरा उतरला. तारीख पावसाच्या आधीची होती. कळप परतायला अजून वेळ होता.

तू मोठ्या बाबांना, पप्पांच्या थोरल्या भावाला, फोन लावलास. ते आपला आणि भावकीचा कळप घेऊन डोंगरकड्याकडे एका शेतकऱ्याच्या रानात बसले होते. मी शेजारीच होते, फोन स्पीकरवर होता.

"मेंढ्या घेऊन या. साहेब येऊन राहिले."

"आगं, अर्धं रान बसलंय, अर्धं राहिलंय. शब्द दिलाय त्याला."

"मंग मोडा शब्द. हितं पांदण चालली."

पलीकडे बराच वेळ नुसत्या मेंढ्यांचा आवाज. मग मोठे बाबा म्हणाले, "तू मोडला असतास व्हय?"

तू फोन ठेवलास. अर्धं रान टाकून कळप उठला तर पुढच्या वर्षी त्या भागात कोणी बोलावत नाही, हे तू मला नंतर सांगितलंस. तेव्हा फक्त म्हणालीस, "न्हाई यायचे ते. म्या बी न्हाई आले असते." त्या आवाजात राग होता आणि नवऱ्याचा अभिमानही होता. तुमच्या दोघांमध्ये मी प्रेमाचं बोलणं कधी ऐकलं नाही. पण ते ऐकलं.

पाहणीच्या दिवशी सकाळी तू अंगणातला कारल्याचा वेल ओढून काढलास. त्या वेलाखाली जुनी वाघूर होती, मेंढ्या कोंडायची जाळी, फाटली म्हणून वेलाला दिलेली. तू ती सोडवलीस. दोन-चार कारली तिला तशीच लटकत राहिली. माझ्या हातात नकाशा आणि टेप, तुझ्या डोक्यावर वाघूर आणि मेखा. माळावर जाऊन तू म्हणालीस, "भित कुठून जाती, बराबर तिथं दाखव." मी रस्त्याच्या दगडापासून मोजत गेले, तू मेखा ठोकत गेलीस. पुरली तेवढी वाघूर आपण पांदणीवर आडवी बांधली. मग एका दगडावर बसून तू कारली तोडून पदरात बांधलीस. संध्याकाळच्या भाजीला.

साहेब दुपार कलल्यावर आले. शेठ छत्री आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन आधीच हजर. अर्धं गावही.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"भित हाय, साहेब. ह्यांची."

"ही तर जाळी आहे."

"आज जाळी हाय. मंजुरी दिली की भित व्हईल."

शेठ चांगला माणूस आहे, आवाज न चढवणारा. तो म्हणाला, "साहेब, आम्ही मोजणी केली तेव्हा इथं गुडघाभर गवत होतं. वाट असती तर गवत उगवलं असतं का?"

"तुमी दिवाळीनंतर आले," तू म्हणालीस. "दिवाळीनंतर आमी नसतोत. तुमी गावाला गेल्यावर कोनी तुमचं घर मोजलं, तर त्याला बी ते रिकामंच दिसंल."

लोक हसले. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "बाई, बोलणं ठीक आहे. मला जागेवर काहीतरी दिसायला पाहिजे."

तेव्हाच ओढ्याकडून, वाडीत मागे राहिलेल्या सखूबाईच्या शेळ्या वर आल्या. दिवसभर चरून, पाणी पिऊन वाडीकडे परतायची त्यांची ती वेळ, आणि तू साहेबांना बोलण्यात का गुंतवत होतीस ते मला तेव्हा कळलं. सगळा माळ सपाट, मोकळा, कुठूनही जावं. पण त्या एकामागे एक नांगरलेल्या मातीतून सरळ चालत आल्या, जिथे डोळ्यांना वाट नव्हती तिथून, आणि वाघुरीशी येऊन थांबल्या. मागच्या पुढच्यांना ढकलायला लागल्या. सखूबाई लांबून ओरडली, "कोन मुडद्यानं बांधलं हे मधी?" आणि तू ओरडलीस, "म्याच! गप ये!" एका शेळीने साहेबांच्या हातातला रुमाल हुंगला. नकाशा कोणी खाल्ला नाही.

इथपर्यंत लोक सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही. थोड्या वेळाने एक शहाणी शेळी बाजूला झाली, वाघुरीला वळसा घालून पलीकडे गेली, आणि तिच्यामागे बाकीच्या. शेठने लगेच हात केला. "बघा साहेब! वळसा घालून जातातच की."

 मी मनातल्या मनात संपलं म्हणाले. मी तुझ्याकडे पाहिलं, आणि तू माझ्याकडे पाहतच नव्हतीस, नकाशाकडे पाहत होतीस.

"जाळीला टोक हाय," तू म्हणालीस. "म्हनून वळसा घालता आला. तुमच्या भितीला टोक कुठं हाय? दाखवा की."

साहेब माझ्याकडे वळले, कारण नकाशा माझ्या हातात होता.  मी भिंतीच्या रेघेवर बोट ठेवलं आणि ते फिरवत गेले, ओढ्याच्या कड्यापर्यंत, तिथून मागे, रस्त्याच्या कडेने, आणि परत जिथून निघालं तिथे. टोक नव्हतं, आणि कडा नि रस्ता यांच्यामध्ये बाहेरून वळायलाही जागा उरत नव्हती. साहेबांनी माझ्या बोटाबरोबर मान फिरवली, मग एकदा वाडीकडे पाहिलं आणि पेन काढलं. शेठला म्हणाले, "पांदण दाखवून सुधारित नकाशा द्या. मग बघू."

येताना तू एवढंच म्हणालीस, "बराबर बोट फिरवलंस." तुझ्याकडून ते फार होतं. मला तेव्हा तुला सांगायचं होतं की वेल ओढलास त्या क्षणापासून मी तुझ्याकडेच बघत होते, की शाळेत, कॉलेजात, इतक्या व्याख्यानांत मी कोणाला असं बोलताना ऐकलं नाही. आरडाओरडा नाही, गयावया नाही, समोरच्याला लहान करणं नाही. शेठला जाताना तू वर म्हणालीससुद्धा, "घरं चांगली बांधा, भाऊ. खिडक्या मोठ्या ठेवा." हे सगळं माझ्या तोंडात होतं. मी म्हणाले, "कारली मी चिरते." तू हो म्हणालीस.

सुधारित नकाशा आला तेव्हा तू नव्हतीस. पाहणीला महिनाही झाला नव्हता. तू कशी गेलीस ते इथे लिहायचं नाही. मोठे बाबा कळप भावकीवर सोपवून आले आणि वाघूर तशीच अंगणात गुंडाळलेली बघून तिच्याशेजारी बसले.  तुझ्या घरात आता शांतता आहे आणि ती आम्हा दोघांना शोभत नाही.

परवा ग्रामसभा झाली. मी खांबाजवळ बसले. नकाशा भिंतीला लावला होता आणि पांदण त्यात होती, मोठ्या बाबांच्या कळपाला पुरेल एवढी रुंद, दोन्ही बाजूंना घरं. सरपंच म्हणाले, बाईंची इच्छा पूर्ण झाली. टाळ्या झाल्या. शेठनेही वाजवल्या. मी बघत होते. पांदणीच्या दोन्ही तोंडांशी दोन लहान रेघा होत्या, इतक्या बारीक की त्या चुकून पडल्यासारख्या वाटाव्यात. रस्त्याच्या तोंडाशी अशी रेघ कशाची असते हे मला माहीत आहे.

ठरावाला हात वर होऊ लागले. तू असतीस तर मी तुझा पदर ओढला असता. शेजारी सखूबाई होती, तिचा ओढला. ती म्हणाली, "मला काय वडतीस? त्यास्नी सांग."

मी उभी राहिले. "हे फाटक कशाला?"

शेठ म्हणाला, "सुरक्षेसाठी, ताई. रहिवाशांनाच बरं. दिवसा उघडं ठेवू."

"उघडणार कोण?"

"वॉचमन."

"आणि तो नसला तर?"

मागून कोणीतरी म्हणालं, "मेंढरं त्याला मिस कॉल देतील की!" आणि सभा हसून फुटली. मी बसले नाही. बसले असते तर पुन्हा उठता आलं नसतं. सखूबाई म्हणाली, "पोरगी खरं बोलून राहिली. फाटक असलं तर ती पांदण कशाची, तो कोंडवाडा झाला." मग दोघे-तिघे बोलले, मग सगळेच. शेठने शेवटी हात जोडले. "काढतो. बाईंनी खिडक्या मोठ्या ठेवायला सांगितल्यात, त्या पण ठेवतो." पांदण बारा महिने उघडी राहील, तिच्यावर फाटक, भिंत किंवा बांधकाम होणार नाही, या अटीवर गावाने घरांना मत दिलं.

ग्रामसेवकाने अट लिहून घेतली आणि पेन थांबवलं. "सुचवणाऱ्याचं नाव?"

मी तुझं सांगितलं. गोदावरीबाई.

 ग्रामसेवक हळू आवाजात म्हणाले, "ताई, हयात माणसाचं नाव लागतं."

मग मी माझं सांगितलं, पप्पांचं आणि आडनाव लावून. मागे बसलेल्या बायकांना ते ऐकू गेलं नाही. "कोन म्हन्ली? कोनाचं नाव लिवलं?" असं त्या एकमेकींना विचारायला लागल्या. म्हणून मी मागे वळले आणि मोठ्याने पुन्हा सांगितलं.